खुणा आपल्या, गाठी परक्यांच्या: रोजच्या वापराचा डेटा कसा होतो आणि तो कुठे अडवायचा

ऑगस्ट २००६ मध्ये एओएल या अमेरिकन कंपनीनं, संशोधकांना अभ्यासाला मिळावेत म्हणून, सुमारे साडेसहा लाख वापरकर्त्यांचे तीन महिन्यांतले शोध इंटरनेटवर खुले केले. सुमारे दोन कोटी शोध. नावं काढून टाकली होती. प्रत्येकाच्या जागी एक आकडा होता. थोड्याच दिवसांत न्यूयॉर्क टाइम्सच्या बातमीदारांनी त्यातल्या एका आकड्यामागच्या बाईंना शोधून काढलं. बाईंनी आपल्या गावातली बागकाम करणारी माणसं शोधली होती, आपल्याच आडनावाची माणसं शोधली होती, कुत्र्याच्या एका वाईट खोडीवर उपाय शोधला होता. यातली एकेक ओळ कोणाचीही असू शकली असती. त्या सगळ्या एकाच आकड्याखाली बसल्या होत्या, म्हणून त्या बाईंच्या झाल्या.

हा लेख त्या आकड्याबद्दल आहे. एकटीदुकटी खूण बहुतेक वेळा निरुपद्रवी असते. तिची दुसऱ्या खुणेशी गाठ बसली की तिला भाव येतो. म्हणून ‘खूण उमटूच द्यायची नाही’ असला खटाटोप मी सुचवणार नाही. तो जमत नाही, आणि चार दिवसांत कंटाळून माणूस सगळंच सोडून देतो. गाठी शोधायच्या आणि ज्या सहज सुटतात त्या सोडवायच्या, एवढंच आपलं काम. पहिल्या पायरीच्या वहीला एक कामाचा दिवस लागतो, बाकीला एक सुट्टीचा दिवस पुरतो; चौथ्या पायरीला मात्र काही दिवस वाट पाहावी लागते.

पहिली पायरी: एका दिवसाची वही

मोबाइलमधलं नोट्सचं ॲप नको, खरी वही घ्या. (नाहीतर ही यादीही कुठल्यातरी सर्व्हरवर जाऊन बसेल.) तीन रकाने आखा: मी काय केलं, त्याची खूण कोणाकडे राहिली, आणि मी ती कशासाठी सोडली. एखादा साधा कामाचा दिवस निवडा आणि जमेल तेवढं लिहा. गाणं अर्ध्यात बदललं. नकाशावर रस्ता पाहिला. ई-पुस्तकाची चार पानं उलटली. एका वस्तूवर बराच वेळ रेंगाळलो, घेतली मात्र नाही. मित्रानं पाठवलेली लिंक उघडली. तीसेक ओळी झाल्या की थांबलात तरी चालेल.

यादी वाचताना खुणांच्या दोन जाती लगेच दिसतात. काही आपण जाणूनबुजून देतो: नाव, जन्मतारीख, फोटो. काही वापरता वापरता नोंदल्या जातात: वेळ, ठिकाण, किती सेकंद थांबलो. तिसरी जात वहीत येणारच नाही, कारण ती आपण सोडलेलीच नसते. पहिल्या दोन जातींवरून समोरच्यानं बांधलेला तो अंदाज असतो: हा घर बदलणार आहे, हिला नीट झोप लागत नाही. जाहिरातवाले मुख्यतः या अंदाजांच्या मागे असतात, आणि नेमके तेच आपल्याला सर्वांत कमी दिसतात.

तिसरा रकाना भरायचा कंटाळा येतो, तरी भरा. खूण ज्या कामासाठी सोडली ते काम आणि तिचा पुढे झालेला उपयोग यांत किती अंतर पडतं, ते त्यातूनच कळतं. ‘मी रोबो नाही’ हे पटवायला आपण वाकडीतिकडी अक्षरं ओळखून टाइप करायचो, आठवतं? लुइस फॉन आन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये आणलेल्या रीकॅप्चात त्यातला एक शब्द जुन्या छापील मजकुराच्या स्कॅनमधून घेतलेला असे. संगणकाला न वाचता आलेला. लोकांना वाटत होतं आपण खातं उघडतोय. त्यांच्या हातून प्रत्यक्षात न्यूयॉर्क टाइम्सचे जुने अंक डिजिटल होत होते.

नकाशावर रस्ता लाल दिसतो तोही असाच. त्या रस्त्यावरचे फोन किती हळू सरकताहेत यावरून गर्दी ठरते. सायमन वेकर्ट या जर्मन कलाकारानं २०२० मध्ये ९९ स्मार्टफोन एका छोट्या हातगाडीत घातले आणि बर्लिनच्या मोकळ्या रस्त्यांवरून गाडी ओढत नेली. नकाशानं तिथे वाहतूककोंडी दाखवली. तुम्ही रस्ता विचारायला नकाशा उघडता, आणि उघडल्या क्षणापासून इतरांना रस्ता सांगायच्या कामालाही लागलेले असता. याबद्दल माझी तक्रार नाही. उपयोग बदलला म्हणजे फसवणूकच झाली असं नसतं.

पण एन्रॉनचं उदाहरण मला अस्वस्थ करतं. ही अमेरिकन ऊर्जा कंपनी २००१ च्या डिसेंबरमध्ये दिवाळखोरीत गेली. चौकशी करणाऱ्या सरकारी नियामकानं २००३ मध्ये तिच्या अधिकाऱ्यांच्या मेल जनतेसाठी खुल्या केल्या. सुमारे दीडशे जणांच्या पाच लाखांच्या आसपास मेल. त्यांत कामाचा पत्रव्यवहार होता तसा घरगुती मजकूरही होता. खऱ्या माणसांच्या खऱ्या मेल एवढ्या संख्येनं दुसरीकडे कुठे मिळणार? म्हणून पुढे स्पॅम ओळखणारी आणि भाषा समजणारी सॉफ्टवेअर तयार करताना संशोधकांनी त्या वर्षानुवर्षं वापरल्या. ‘दुपारी जेवायला येतोस का’ असं सहकाऱ्याला लिहिणाऱ्याच्या तिसऱ्या रकान्यात यातलं काय आलं असतं?

दुसरी पायरी: एका खुणेच्या मागे शेवटपर्यंत जा

फोटो घ्या, कारण तो हातात धरून तपासता येतो. फोनच्या कॅमेऱ्यानं काढलेला एखादा फोटो गॅलरीत उघडून वर सरकवा किंवा ‘माहिती’चं बटण दाबा. तारीख, वेळ, फोनचं मॉडेल आणि ठिकाणाची परवानगी दिलेली असेल तर नकाशावरचा बिंदू दिसेल. फोटोच्या फाइलमध्येच भरलेल्या या माहितीला एक्झिफ म्हणतात.

आता हाच फोटो व्हॉट्सॲपवर स्वतःलाच दोन प्रकारे पाठवा: एकदा नेहमीसारखा, एकदा डॉक्युमेंट म्हणून. दोन्ही उतरवून पुन्हा माहिती पाहा. नेहमीच्या प्रकारात फोटो आक्रसताना ठिकाण गळून पडतं. डॉक्युमेंटमध्ये मूळ फाइल जशीच्या तशी जाते. मोठी समाजमाध्यमंही बघणाऱ्यांपासून ही माहिती लपवतात. मात्र तुम्ही चढवलेली मूळ फाइल त्यांच्याकडे आधी पोचलेली असते. ‘लोकांना दिसत नाही’ आणि ‘कोणाकडेच नाही’ यांतला हा फरक पुढेही प्रत्येक पायरीवर भेटणार आहे.

आयफोनवर फोटो शेअर करताना वरच्या ‘ऑप्शन्स’मध्ये ठिकाण काढून पाठवायची सोय आहे. पण कॅमेऱ्याची ठिकाणाची परवानगीच बंद करणं जास्त भरवशाचं, कारण दर वेळी लक्षात ठेवायची कटकट उरत नाही.

दुसरी खूण डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ती फक्त सांगतो. जाहिराती असलेलं एखादं ॲप उघडलं की जाहिरातीची रिकामी जागा तत्क्षणी लिलावात निघते. बोली लावणाऱ्यांना एक निरोप जातो: हे ॲप, हा फोन, अंदाजे हे ठिकाण, आणि या उपकरणाचा हा जाहिरात-क्रमांक. सेकंदाच्या साधारण दहाव्या भागात सौदा उरकतो. जाहिरात एकाचीच लागते, पण निरोप हरलेल्यांनाही मिळालेला असतो. तो वापरून विसरून जाण्याचं बंधन त्यांच्यावर करारानं असतं. ते पाळलं जातंय का, हे आपण पाहू शकत नाही.

तिसरी पायरी: गाठी ओळखा

वहीत एक नवं पान घ्या. तुमच्या वेगवेगळ्या खुणा ज्या धाग्यांनी एकत्र बांधल्या जातात ते या पानावर लिहायचे.

सर्वांत जुना धागा कुकी, म्हणजे साइटनं तुमच्या ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटी नोंद. १९९४ मध्ये नेटस्केप या ब्राउझर कंपनीच्या लू मॉन्टुली यांनी ती आणली, ती वेबसाइटला मागची भेट आठवावी म्हणून. तोवर प्रत्येक पान उघडणारा माणूस साइटला नवखाच वाटे. पुढे एकाच जाहिरात कंपनीची कुकी हजारो साइटवर बसू लागली, आणि स्मरणशक्तीचं साधन पाठलागाचं झालं. दुसरा धागा फोनचा जाहिरात-क्रमांक, जो एका ॲपमधल्या तुम्हाला दुसऱ्या ॲपमधल्या तुमच्याशी जोडतो. हे दोन्ही धागे तोडायला सोपे आहेत.

खरा चिवट धागा म्हणजे मोबाइल नंबर आणि ईमेल पत्ता. माणसं फोन बदलतात, ब्राउझर बदलतात; नंबर वर्षानुवर्षं तोच. दुकानदार आपल्या ग्राहकांची यादी जाहिरातीच्या मंचावर (फेसबुक, गूगल असे) चढवतो तेव्हा ईमेल ‘हॅश’ करून, म्हणजे त्याची न ओळखता येणारी अक्षरमाळ करून पाठवतो, आणि हे सुरक्षित असल्याचं सांगितलं जातं. पण त्याच पत्त्याची अक्षरमाळ दर वेळी तीच निघते. मंचाकडे तुमचा पत्ता आधीच असतो. तो त्याची अक्षरमाळ काढतो, जुळवून पाहतो, गाठ पक्की. पत्ता ‘कोणी पाहिला नाही’ हे तांत्रिकदृष्ट्या खरं, आणि व्यवहारात त्याला फारसा अर्थ नाही.

चौथा धागा ब्राउझरचा ठसा. पडद्याचा आकार, फॉन्ट, भाषा, वेळेचा पट्टा अशा क्षुल्लक गोष्टींची सरमिसळ बहुधा एकमेव निघते. डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या संस्थेनं २०१० मध्ये घेतलेल्या चाचणीत तपासलेल्या ब्राउझरांपैकी जवळजवळ ८४ टक्के इतर सर्वांहून वेगळे ओळखू आले होते. त्यांची ‘कव्हर युअर ट्रॅक्स’ ही साइट आजही तुमचा ठसा किती वेगळा आहे ते फुकट सांगते. मिनिटभराचं काम आहे, करून पाहा.

पाचवा तुमचं फिरणं. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात इव्ह-अलेक्झांडर द मॉन्ज्वा आणि सहकाऱ्यांनी १५ लाख लोकांच्या पंधरा महिन्यांच्या मोबाइल नोंदी तपासल्या. नाव नाही, नंबर नाही. फक्त कोणत्या तासाला कोणत्या टॉवरजवळ. असे चार बिंदू माहीत असले तर ९५ टक्के माणसं गर्दीतून वेगळी काढता येत होती. आपण रोज जातो ती वाट दुसऱ्या कोणाचीच नसते, हे यातून आकड्यांत समोर आलं. त्यामुळे ‘माहिती निनावी करून वापरतो’ हे वाक्य दिसलं की माझा पहिला प्रश्न असतो: आकडा ठेवलाय की तोही काढलाय?

चौथी पायरी: स्वतःचा डेटा मागवा आणि वाचा

युरोपचा जीडीपीआर कायदा २५ मे २०१८ पासून लागू झाला. त्यात स्वतःची माहिती मागण्याचा हक्क आहे आणि कंपनीला साधारणपणे महिन्याभरात ती द्यावी लागते. बऱ्याच मोठ्या कंपन्यांनी ही सोय सगळ्याच वापरकर्त्यांना दिली; गूगलची ‘टेकआउट’ तर २०११ पासूनच आहे. फेसबुक-इन्स्टाग्रामवर तुमची माहिती डाउनलोड किंवा एक्स्पोर्ट करायचा पर्याय असतो, ॲपलची त्यासाठी वेगळी गोपनीयता साइट आहे. तुम्ही सर्वांत जास्त वापरता अशा दोनच सेवा निवडा. दहा मागवल्यात तर एकही वाचणार नाही.

प्रकार विचारतील तेव्हा एचटीएमएल निवडा. तो ब्राउझरमध्ये पानासारखा उघडतो. जेसन हा प्रकार ज्यांना मोजणी करायची आहे त्यांच्यासाठी. फाइल तयार झाल्याची मेल काही तासांनी, कधी काही दिवसांनी येते, आणि लिंकची मुदत संपण्याआधी ती उतरवून घ्यावी लागते. सार्वजनिक संगणकावर हे अजिबात करू नका. ही झिप फाइल म्हणजे तुमच्या सगळ्या गाठी एकत्र बांधून दिलेलं गाठोडं आहे. वाचून झाली की पुसून टाका, कचरापेटीतूनसुद्धा.

वाचायचं कसं? आपले जुने संदेश चाळण्यात संध्याकाळ जाते, मी घालवली आहे. ते बाजूला ठेवा आणि थेट तीन ठिकाणी जा. पहिलं, जाहिरातींचं फोल्डर: तिथे तुमच्या ‘आवडीं’ची यादी सापडते. दुसरं, ज्या जाहिरातदारांनी तुमचा समावेश असलेली यादी चढवली त्यांची नावं. फेसबुकच्या फाइलमध्ये ही वेगळी मिळतात. तिसरं, त्या सेवेच्या बाहेर तुम्ही काय केलंत त्याची नोंद, म्हणजे दुसऱ्या साइटनी आणि ॲपनी कळवलेल्या चहाड्या.

एका सेवेच्या यादीत मी ‘नवजात बाळाचा पालक’ निघालो. मैत्रिणीच्या बाळासाठी भेटवस्तू शोधण्यात दोन संध्याकाळी गेल्या होत्या, एवढाच काय तो पुरावा. अंदाज साफ चुकलेला होता, तरी त्याच्या जिवावर कित्येक महिने मला लंगोटांच्या जाहिराती दिसत होत्या. यात हसण्यासारखं आहे. पण असाच चुकीचा अंदाज आजारपणाबद्दल किंवा पैशाच्या अडचणीबद्दल असता, तर तो कोणाच्या टेबलावर गेला हे मला कळलंही नसतं. म्हणून चुकीच्या आवडीही काढा. गूगलमध्ये ‘माय ॲड सेंटर’मध्ये विषय बंद करता येतात, फेसबुकमध्ये बाहेरच्या नोंदी खात्यापासून तोडायचा पर्याय आहे. त्यानं नोंद नष्ट होत नाही, तुमच्या खात्याशी असलेली तिची गाठ सुटते. आपल्याला तेच हवं होतं.

पाचवी पायरी: गाठी सोडवा

आधी जाहिरात-क्रमांक. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्जमध्ये गोपनीयता किंवा गूगल या भागात ‘जाहिराती’ शोधा आणि जाहिरात आयडी हटवा. फोनच्या कंपनीप्रमाणे वाट थोडी बदलते, सेटिंग्जमधल्या शोधपट्टीत ‘जाहिराती’ लिहिलं की सापडते. आयफोनमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’खाली ‘ट्रॅकिंग’ आहे, तिथे ॲपना विचारायचीच मुभा बंद करा. एप्रिल २०२१ पासून आयफोनवर ॲपना परवानगी मागावी लागते. हा खटका ‘नाही’ असं उत्तर कायमचं देऊन ठेवतो.

मग ठिकाण. परवानग्यांची यादी उघडा आणि ‘नेहमी’ असं लिहिलेलं प्रत्येक ॲप तपासा. हवामानाच्या ॲपला तुमचं शहर कळलं तरी पुरतं, इमारत कशाला? अँड्रॉइड १२ आणि आयओएस १४ पासून अंदाजे ठिकाण देता येतं. गूगलमध्ये शोध आणि ठिकाणांच्या नोंदी तीन, अठरा किंवा छत्तीस महिन्यांनी आपोआप पुसायची सोय आहे; तीन महिने निवडा. मी निवडल्याला बराच काळ झाला, अजून कशावाचून अडलेलं नाही.

ईमेलचा चिवट धागा तोडायचा तर वेगवेगळ्या कामांना वेगवेगळे पत्ते हवेत. ॲपलची ‘हाइड माय ईमेल’ आणि ‘फायरफॉक्स रिले’ तुमच्या खऱ्या पत्त्याकडे पोचणारे टोपणपत्ते बनवून देतात. दुकानं, कूपनं, एकदाच भरायचे फॉर्म यांना टोपणपत्ता. बँक, सरकारी कामं आणि माणसांना खरा. जीमेलमध्ये नावापुढे अधिकचिन्ह लावून शब्द जोडण्याची युक्ती पुष्कळ सांगितली जाते. ती मेल वेगळ्या करायला चांगली, पण अधिकचिन्हानंतरचा भाग कापायला एक ओळीचा प्रोग्रॅम पुरतो, त्यामुळे गाठ सोडवायला तिचा उपयोग नाही. मेलमध्ये बाहेरची चित्रं आपोआप उघडणं मात्र बंद करा. एका ठिपक्याएवढं अदृश्य चित्र पाठवणाऱ्याला तुम्ही मेल कधी उघडली ते कळवतं.

लिंकांची शेपटं कापा. कोणालाही लिंक पाठवण्याआधी पत्त्यातल्या प्रश्नचिन्हानंतरचा भाग पाहा. ‘यूटीएम’नं सुरू होणारे तुकडे लिंक कुठून आली ते सांगतात, शेअर बटणानं तयार केलेल्या कित्येक लिंकांत तर पाठवणाऱ्याचा वेगळा कोड असतो, आणि तुमच्या मैत्रिणीनं ती उघडली की तुम्हा दोघींची ओळख आहे हे तिसऱ्याला कळतं. तो भाग पुसून लिंक उघडून पाहा. बहुतेक वेळा चालते. न चालल्यास शेपूट कामाचं होतं, परत जोडा.

ब्राउझरबद्दल थोडक्यात: सफारी २०२० पासून थर्ड-पार्टी कुकी (तुम्ही उघडलेल्या साइटची नसलेली, दुसऱ्याच कंपनीची) अडवते, फायरफॉक्सही बहुतेक पाठलाग आपणहून रोखतो, क्रोममध्ये सेटिंग्जमध्ये जाऊन तो खटका स्वतः दाबावा लागतो. इन्कॉग्निटो ही ब्राउझरची खासगी खिडकी म्हणजे घरातल्या दुसऱ्यांपासून आडोसा, साइटपासून नव्हे.

सहावी पायरी: उघड्यावर लिहिलेलं

सार्वजनिक पानावर लिहिलेला मजकूर हा वेगळाच मामला आहे, कारण तिथे सोडवायला गाठच नसते. कॉमन क्रॉल ही ना-नफा संस्था वर्षानुवर्षं जगभरची खुली पानं गोळा करून कोणालाही वापरायला देते. २०२० च्या जीपीटी-३ या भाषा मॉडेलच्या (मजकूर लिहिणाऱ्या एआयच्या) प्रशिक्षणात सर्वांत मोठा वाटा याच साठ्यातून गाळलेल्या मजकुराचा होता. म्हणजे दहा वर्षांपूर्वी कोणी लिहिलेला स्वयंपाकघरातल्या नळाच्या दुरुस्तीचा किस्साही त्यात असू शकतो.

स्वतःची साइट असेल तर रोबोट्स डॉट टीएक्सटी या फाइलमध्ये ‘सीसीबॉट’, ‘जीपीटीबॉट’ अशा संकलकांना (पानं गोळा करणाऱ्या प्रोग्रॅमना) मज्जाव लिहिता येतो. ही पद्धत १९९४ पासूनची आहे आणि ती दारावरची पाटी आहे, कुलूप नव्हे; सभ्य लोक पाळतात. चॅटबॉट वापरत असाल तर सेटिंग्जमध्ये डेटाविषयीचा भाग उघडा आणि संभाषणं मॉडेल सुधारायला वापरण्याची परवानगी बंद करा. चॅटजीपीटीत ती ‘डेटा कंट्रोल्स’खाली आहे. हा खटका पुढच्या संभाषणांना लागू होतो. आधी जे शिकून झालं ते मॉडेलमधून एकेका माणसापुरतं वेगळं काढून घेता येत नाही, आणि तसं आश्वासन कोणी दिलंच तर तपशील मागा.

एक बाब आपल्या हातात असूनही सुटते: इतरांच्या खुणा. संपर्क यादीची परवानगी देताना ज्यांचे नंबर जातात त्यांना कोणी विचारलेलं नसतं. आयओएस १८ पासून सगळी यादी न देता निवडक नावं देता येतात. इतरत्र सरळ नकार द्या आणि हवा तो नंबर हातानं टाका. वहीतल्या गाठींच्या पानावर ‘माझ्यामुळे दुसऱ्यांच्या’ असा एक रकाना वाढवा. माझा तो रकाना बाकीच्या सगळ्यांपेक्षा लांब निघाला.

शेवटी जुनी खाती. ॲप काढून टाकलं म्हणजे खातं बंद झालं असं नाही. फोनवरचं चित्र गेलं, सर्व्हरवरची नोंद राहिली. मेलबॉक्समध्ये ‘स्वागत’, ‘वेलकम’, ‘व्हेरिफाय’ हे शब्द शोधा, विसरलेली खाती बाहेर येतील. प्रत्येकात आधी लॉग-इन करून डेटा उतरवा, साठवलेलं कार्ड आणि फोन नंबर काढा, आणि मग खातं हटवा. बऱ्याच सेवा हटवण्याआधी काही दिवसांची मुदत ठेवतात. त्या काळात चुकून पुन्हा लॉग-इन केलंत तर विनंती रद्द होऊ शकते, म्हणून इतर सगळ्या उपकरणांवरूनही आधी बाहेर पडा आणि खातं हटवल्याची मेल जपून ठेवा.